वासिलिसाच्या तीन घोडेस्वारांच्या रशियन वॅफल नळ्या : कुठे चुकतं आणि कसं सावरायचं

या नळ्या पहिल्यांदा करणाऱ्यांकडून तीनच तक्रारी येतात. गुंडाळताना तुकडे पडले. गार झाल्यावर कुरकुरीत न होता चिवट राहिल्या. किंवा छान जमल्या, पण सारण भरून पाहुणे येईपर्यंत ओल्या पुठ्ठ्यासारख्या झाल्या. तिन्ही वेळा लोक साहित्य बदलून बघतात, कुणी अंडं वाढवतं, कुणी बेकिंग पावडर घालतं. दोष साहित्यात क्वचित असतो. तो क्रमात असतो. म्हणून या लेखात प्रमाण थोडक्यात आहे आणि तयारी, क्रम, चाचण्या सविस्तर आहेत.

आपण करणार आहोत ती कागदासारखी पातळ, गरम असताना गुंडाळायची वॅफल. रशियात तिच्या नळीला ‘त्रुबोच्का’ म्हणतात आणि आत बहुधा आटवलेलं तपकिरी कंडेन्स्ड मिल्क असतं. जाड, मऊ, चौकोनी खळग्यांच्या वॅफलला तिथेही ‘व्हिएन्नाची’ म्हणतात. तो प्रकार निराळा.

सारणं तीन आहेत आणि ती वासिलिसा या मुलीच्या रशियन लोककथेवरून घेतली आहेत. सावत्र बहिणी विस्तव आणायला वासिलिसाला बाबा यागा या चेटकिणीकडे जंगलात पाठवतात. वाटेत तिच्या शेजारून आधी पांढरा घोडेस्वार जातो आणि उजाडतं, मग लाल घोडेस्वार जातो आणि सूर्य वर येतो, आणि ती कोंबडीच्या पायांवरच्या झोपडीशी पोचते तेव्हा काळा घोडेस्वार येतो आणि रात्र होते. त्या कथेत वॅफल कुठेच नाही. पण पांढरा, लाल, काळा हे तीन रंग रशियन स्वयंपाकघरात आयते सापडतात : त्वोरोग म्हणजे आपल्या चक्क्याच्या जवळचा पदार्थ, जंगलातली छोटी आंबट लाल फळं, आणि सुकं काळं आलुबुखार. माझ्या मुलीला ही गोष्ट पाठ आहे. नळ्या त्याच क्रमाने खायच्या हा तिचा नियम.

१. यंत्र आधी, साहित्य नंतर

बाजारात ‘वॅफल मेकर’ मागितलंत तर जाड वॅफलचं यंत्र मिळेल. त्यात या नळ्या होणार नाहीत, कितीही पातळ पीठ घाला. तुम्हाला हवंय ते आइस्क्रीमचे कोन करायचं यंत्र : दोन गोल सपाट तवे, नक्षी जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल. विजेवरचं चालेल, गॅसवर उलटसुलट करायचं लांब दांड्यांचं बिडाचं किंवा ॲल्युमिनियमचंही चालेल. विजेच्या यंत्रात दोन्ही बाजू एकदम तापतात, त्यामुळे नवख्यांना तेच सोपं.

यंत्र नसेल तर ओव्हनमध्ये १८० अंशांवर, बटर पेपरवर १२ सेंटिमीटरचे पातळ गोल पसरून ६ ते ८ मिनिटं भाजा. नक्षी येणार नाही, नळी होईल. एका वेळी दोनच गोल ठेवा. चार ठेवलेत तर तिसरा गुंडाळेपर्यंत चौथा कडक होतो.

याशिवाय हाताशी हवं :

गुंडाळायला लाकडी दांडा. रवीचा दांडा उत्तम, साधारण दोन सेंटिमीटर जाड आणि गुळगुळीत असतो. लाटणं फार जाड होतं.
पोळपाट किंवा लाकडी फळी. ओट्यावर वॅफल टाकू नका, कारण पुढे येईल.
जाळी, गार करायला.
पातळ सुती हातमोजे, एकावर एक दोन.
पायपिंग बॅग, किंवा जाड प्लॅस्टिकचा मेंदीच्या कोनासारखा कोन.

२. आदल्या दिवशीची तयारी

हा टप्पा वगळून सगळं एका दुपारी उरकायला गेलात तर सारण कोमट राहील, आणि कोमट सारण नळीला पाच मिनिटांत मऊ पाडतं.

कंडेन्स्ड मिल्क आटवणे

साधारण ४०० ग्रॅमचा एक डबा घ्या. त्यातलं १०० ग्रॅम पांढऱ्या सारणासाठी तसंच बाजूला ठेवा, उरलेलं ३०० ग्रॅम आटवायचं.

सावध : रशियातल्या घरांमध्ये सीलबंद डबाच दोन-तीन तास पाण्यात उकळायची जुनी रीत आहे. ती करू नका. पाणी आटून डब्याचा वरचा भाग उघडा पडला की आतला दाब वाढतो आणि डबा फुटतो. ओढून उघडायच्या झाकणाचे डबे तर त्यासाठी बनवलेलेच नसतात. आमच्या नात्यातल्या एका घरी हे झालं आहे. माणसं बाहेरच्या खोलीत होती म्हणून निभावलं, पण उकळतं दूध छतापर्यंत गेलं होतं.

आपल्याकडे खरवस वाफवायची सवय आहे, तीच वापरा. ३०० ग्रॅम दूध स्टीलच्या डब्यात काढा. डबा निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. झाकण नुसतं ठेवा, घट्ट कड्यांचं नको, आणि वरून फॉइल लावा म्हणजे वाफेचं पाणी आत गळणार नाही. कुकरमध्ये जाळीवर डबा ठेवून त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घाला. पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करून ४५ मिनिटं ठेवा. मग गॅस बंद, आणि कुकर आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढलीत तर दूध डब्यातून उसळून बाहेर येतं.

तपासा : रंग गुळाच्या ढेपेसारखा हवा. फिकट पिवळा असेल तर पुन्हा १०-१५ मिनिटं ठेवा. वर गुठळ्या दिसल्या तर घाबरू नका, गार झाल्यावर व्हिस्कने फेटलं की एकजीव होतं. पूर्ण गार झाल्यावर ते चमच्यातून सहज ओघळता कामा नये.

चक्का

२०० ग्रॅम चक्का लागेल. साधारण अर्धा किलो दही रात्रभर टांगा. श्रीखंडाला चालतो त्याहून कोरडा हवा, म्हणून सकाळी फडक्यातच वर वजन ठेवून आणखी तासभर दाबा. विकतचा चक्का घेतलात तरी हे दाबणं चुकवू नका.

लाल मुरंबा

रशियात यासाठी क्ल्युक्वा किंवा ब्रुस्निका ही जंगली फळं वापरतात. क्ल्युक्वा म्हणजे क्रॅनबेरीच, आणि गोठवलेली क्रॅनबेरी आता मोठ्या शहरांत मिळते. २०० ग्रॅम क्रॅनबेरी, १२० ग्रॅम साखर, दोन टेबलस्पून पाणी. फळं तडकेपर्यंत शिजवा, गाळणीतून दाबून साली काढा आणि परत आटवा. पळी फिरवल्यावर तळ दिसला आणि क्षणभर मिटला नाही की थांबा. या फळात पेक्टिन भरपूर असतं, गार होताना ते आणखी घट्ट होतं. अगदी घट्ट होईपर्यंत आटवलंत तर दुसऱ्या दिवशी सारण पिशवीतून बाहेर येणार नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं करायचं तर लिंबू पिळा आणि जास्त वेळ आटवा. तिच्यात पेक्टिन कमी असतं, आणि पातळ राहिलेला जॅम नळीचा सर्वात मोठा शत्रू आहे.

३. पीठ

साधारण २० ते २२ नळ्यांसाठी :

अंडी ४, फ्रिजबाहेर तासभर ठेवलेली
साखर १५० ग्रॅम, बारीक
बिनमिठाचं बटर १५० ग्रॅम
मैदा १५० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम (रशियात बटाट्याचा स्टार्च घालतात)
चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला

साखर कमी करू नका. ‘आम्हाला कमी गोड आवडतं’ म्हणून साखर निम्मी केलेल्यांच्या नळ्या हमखास मोडतात. इथे साखर गोडीपुरती नसते. गरम असताना ती वितळलेली असते म्हणून वॅफल वाकते, आणि गार होताना काचेसारखी घट्ट होते म्हणून नळी कुरकुरते. गोड कमी हवं असेल तर सारणात कमी करा.

बटरऐवजी तूप वापरायचं असेल तर १२० ग्रॅम तूप आणि २५ ग्रॅम दूध घ्या. बटरमध्ये पाणी असतं, तुपात नसतं, तो फरक भरून काढायला हवा. नेहमीचं पिवळं खारं बटर असेल तर वरचं मीठ वगळा.

क्रम असा :

बटर वितळवून बाजूला ठेवा. बोट बुडवल्यावर कोमट लागेल इतकं निवू द्या.
अंडी, साखर, मीठ, व्हॅनिला एकत्र ढवळा. साखर विरघळेपर्यंतच. बोटांच्या चिमटीत कण लागले नाहीत की पुरे. केकसारखं फेसाळ फेटायचं नाही, कारण फेस भरलेल्या पिठाची वॅफल जाळीदार होते आणि गुंडाळताना त्या भोकांपाशी फाटते.
कोमट बटर बारीक धारेने घालून ढवळा. कढत घातलंत तर अंडं शिजून तंतू दिसतील. अंडी फ्रिजमधली गार असतील तर बटरचे दाणे धरतील. तसं झालं तर भांडं मिनिटभर कोमट पाण्यात धरा.
मैदा आणि कॉर्नफ्लोअर एकत्र चाळून तीन वेळा थोडं थोडं घाला. गुठळ्या मोडल्या की हात थांबवा.
झाकून अर्धा तास बाहेरच ठेवा, फ्रिजमध्ये नाही.

बेकिंग पावडर, सोडा, इनो यांतलं काहीही नको.

तपासा : पीठ डोशाच्या पिठाइतकं हवं. चमच्यातून पट्टीसारखं पडून तीन-चार सेकंदांत खालच्या पिठात मिसळलं तर बरोबर. ढिगासारखं बसून राहिलं तर एखादा चमचा कोमट दूध घाला.

बिनअंड्याच्या नळ्या

मैदा १२५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, वितळलेलं बटर ६० ग्रॅम, कोमट दूध १५० ते १७० मिलिलिटर. कोरडं एकत्र करा, मग दूध, शेवटी बटर. चव चांगली लागते, पण भिंत जास्त ठिसूळ असते, म्हणून नळी थोडी जाड भाजा आणि दुप्पट काळजीने भरा. रशियातही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या काळात अंडं, दूध, लोणी सगळं टाळून नुसत्या पाण्या-तेलातली वॅफल करतात, तेव्हा यात काही परकं नाही.

४. भाजणे

यंत्राचं झाकण मिटून ते पूर्ण तापवा, किमान ७-८ मिनिटं. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडून गेला पाहिजे, नुसता उकळत बसता कामा नये. दोन्ही तव्यांना एकदाच ब्रशने तूप लावा. नंतर पिठातलं बटर पुरतं. प्रत्येक वेळी तूप लावलंत तर कडा तेलकट आणि डागाळलेल्या होतात.

दीड टेबलस्पून पीठ घ्या आणि अगदी मध्यावर न टाकता किंचित बिजागरीच्या बाजूला टाका. झाकण मिटताना ते पिठाला पुढे ढकलतं, मध्यावर टाकलेलं पीठ पुढून बाहेर येतं. झाकण लावून पहिले दहा सेकंद दाबून धरा.

सावध : या दहा सेकंदांत कडेने वाफेचा झोत येतो. हात दांड्याच्या टोकाशी, तोंड लांब, आणि लहान मुलं ओट्यापासून दूर.

विजेच्या यंत्रात दीड ते दोन मिनिटं, गॅसच्या यंत्रात प्रत्येक बाजूला साधारण एक मिनिट. घड्याळापेक्षा वाफेवर विश्वास ठेवा. वाफ जोरात येत असेल तर आत अजून पाणी आहे. ती जवळजवळ थांबली की उघडा. रंग मारी बिस्किटासारखा सोनेरी हवा. पांढुरकी काढलीत तर गुंडाळायला फार छान वाटेल, पण गार झाल्यावर चिवटच राहील. वरच्या तीन तक्रारींतली दुसरी इथून येते.

पहिल्या दोन वॅफल चाचणीच्या धरा. एक गुंडाळा, पाच मिनिटं थांबा, मोडून बघा. टणत्कार आला तर वेळ बरोबर. नाही आला तर पुढच्यांना १५ सेकंद वाढवा. ही पाच मिनिटं वाचवून बावीस नळ्या वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

५. गुंडाळणे

इथे तुमच्याकडे दहा सेकंद असतात. खरंच मोजून दहा. म्हणून यंत्र उघडण्याआधी मोजे चढवलेले, पोळपाट समोर आणि रवी हातात हवी. फोन दुसऱ्या खोलीत.

लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने वॅफल एका झटक्यात उचला आणि पोळपाटावर टाका. ग्रॅनाइटचा ओटा किंवा स्टीलचं ताट त्यातली उष्णता क्षणात ओढून घेतं आणि तुमचे दहा सेकंद तीनावर येतात. लाकूड तसं करत नाही. एवढ्या एका बदलाने निम्म्या लोकांची मोडतोड थांबते.

जवळच्या कडेवर दांडा ठेवा. पहिला वेढा सगळ्यात महत्त्वाचा : कड दांड्याला चिकटून आत वळली पाहिजे, बोटांनी दांड्यासकट दाबून. पहिला वेढा सैल राहिला तर नळी तुतारीसारखी होते. मग तळव्याने दांडा पुढे ढकलत लाटल्यासारखं गुंडाळा. शेवटची कड खाली येईल असं ठेवून दहा सेकंद हलकेच दाबून धरा. अजून दहा सेकंदांनी दांडा पिळत बाहेर काढा. गार होईपर्यंत दांडा आत ठेवलात तर तो अडकतो आणि काढताना नळी चिरते. नळी जाळीवर, सांधा खाली.

सावध : वितळलेली साखर त्वचेला चिकटते. मोजा चिकटला तर हात लगेच नळाखाली धरा, ओढू नका.

एकटे असाल तर पुढचं पीठ आधीची नळी दांड्यावरून निघाल्यावरच ओता. दोघं असाल तर एकाने फक्त भाजायचं, दुसऱ्याने फक्त गुंडाळायचं. कामं बदलत राहिलात की गडबड होते.

गुंडाळण्याआधीच कडक झाली? फेकू नका. सपाट असेल तर परत यंत्रात १०-१५ सेकंद ठेवा, साखर पुन्हा वितळते आणि वॅफल पुन्हा वाकते. कडा तडकतात पण मधला भाग वाकतो? मग कडा जास्त भाजल्या जाताहेत, पीठ थोडं जास्त घ्या. सगळीच तडकते? जास्त भाजलीत, किंवा साखर कमी केलीत.

६. गार करणे आणि पावसाळा

पूर्ण गार व्हायला पंधरा मिनिटं लागतात. कोमट असताना डब्यात भरल्या तर आतल्या वाफेनेच मऊ पडतात. पण जाळीवर तासभर विसरूनही चालत नाही, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. रशियात हिवाळ्यात घरं आतून तापवलेली आणि कोरडी असतात, तिथे नळ्या रात्रभर उघड्या राहिल्या तरी फारसं बिघडत नाही. जुलैत मुंबईला किंवा कोकणात अर्धा तास पुरतो. पंधरा मिनिटं झाली की हवाबंद डब्यात, मध्ये कागद घालून. कोरड्या दिवसांत रिकाम्या नळ्या पाच-सहा दिवस टिकतात.

मऊ पडल्याच तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर चार मिनिटं, सांधा खाली ठेवून. गरम असताना मऊच लागतील, गार झाल्यावर पुन्हा कुरकुरतील.

७. तीन सारणं

पांढऱ्या आणि काळ्या सारणासाठी बटर मऊ हवं, वितळलेलं नाही, आणि बाकीचे पदार्थ त्याच तपमानाचे हवेत. फ्रिजमधलं आटवलेलं दूध मऊ बटरमध्ये घातलंत तर सारण फाटतं. म्हणून सगळं तासभर आधी बाहेर काढा.

पांढरं : ६० ग्रॅम बिनमिठाचं बटर फेटून हलकं करा, मग बाजूला ठेवलेल्या कंडेन्स्ड मिल्कपैकी ८० ग्रॅम थोडं थोडं घाला, शेवटी २०० ग्रॅम चक्का चमच्याने मिसळा. चक्का घातल्यावर मशीन लावू नका, पातळ होतं. तिन्हींत हे सारण सर्वात ओलं, म्हणून त्याच्या नळ्यांना आतून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात बारीक ब्रशने द्या आणि सुकू द्या. ओल अडते.

लाल : आदल्या दिवशीचा मुरंबा तसाच. नळी पूर्ण भरू नका, खूप आंबट-गोड होते. दोन्ही तोंडांकडून दोन-दोन सेंटिमीटर लाल आणि मध्ये पांढरं सारण, ही माझी आवडती जोडी.

काळं : १०० ग्रॅम बटर फेटा, २८० ग्रॅम आटवलेलं दूध चमचा-चमचा करून घाला. १०० ग्रॅम बिनबियांचं सुकं आलुबुखार पंधरा मिनिटं गरम पाण्यात भिजवून फडक्याने खरोखर कोरडं करा आणि वाटा. ५० ग्रॅम भाजलेले अक्रोड बारीक कुटा. सगळं एकत्र करून एक टेबलस्पून कोको चाळून घाला, नाहीतर रंग तपकिरीच राहतो. अक्रोडाचा मोठा तुकडा पिशवीचं तोंड अडवतो, कूट चाळून घ्या.

कथेत बाबा यागा वासिलिसाला मातीतून खसखस निवडायला लावते, म्हणून काळ्यात खसखस घालावी असं मलाही वाटलं होतं. रशियातली खसखस निळसर काळी असते, आपली पांढरी. चव छान येते, रंग येत नाही.

८. भरणे, आणि कधी भरणे

पिशवीचं टोक नळीच्या मध्यापर्यंत आत घाला, दाबत दाबत बाहेर ओढा, मग दुसऱ्या बाजूने तसंच. एकाच बाजूने भरलं तर मध्ये पोकळी राहते आणि पहिल्या घासाला हाती रिकामी नळी येते.

पांढऱ्या नळ्या वाढण्याआधी अर्ध्या तासात भरा, चॉकलेटचा हात दिला असेल तर दोन तास. लाल तासाभरात. काळ्या सर्वात सोशिक, तीन-चार तास तग धरतात, कारण त्यात पाणी कमी आणि लोणी जास्त. मी एकदा वीस नळ्या ठाण्यात भरून पुण्याला नेल्या होत्या. डबा हवाबंद होता, नीट मांडलेल्या होत्या, आणि उघडल्यावर एकही कुरकुरली नाही. तेव्हापासून नळ्या एका डब्यात, सारणं तीन पिशव्यांत बर्फाच्या पॅकसोबत, आणि भरायचं पोचल्यावर. भरलेल्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथली दमट हवा आणि सारणाची ओल दोन्ही मिळून त्यांना मऊ करतात.

ताटात मांडताना पांढऱ्या डाव्या हाताला, मग लाल, मग काळ्या. काळ्यांवर पिठीसाखर भुरभुरवायची असेल तर ताट उचलून देण्याच्या क्षणी, नाहीतर ती विरघळून नळीवर डाग पडतात.

उरलेलं पीठ फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. बटर घट्ट झालेलं असेल, म्हणून भांडं कोमट पाण्यात ठेवून डोशाच्या पिठासारखं झाल्यावरच यंत्र तापवायला लावा.